पाठीचा साचा

दिवा लागलाय तोवर सांगून टाकते. तुला वाटेल, हिला कामाचा शीण झालाय. शीण तर आहेच, तो कुठे नाकारतेय मी?

आम्ही नुसती सीट आणायला गेलो होतो. आमची गाडी शर्यतीची होती, पण शर्यत हौशी लोकांची. सकाळी सुरू होते आणि अंधार पडायच्या आत संपते. दिवसभर एकच गाडी पळवायची आणि ड्रायव्हर आळीपाळीने बदलायचे. तिथे वेगाचं फारसं कौतुक नाही, शेवटपर्यंत जो पळत राहील तो खरा. आमच्याकडे ड्रायव्हर तिघे. माझा नवरा, जो दारातून आत आला की दार दिसेनासं होतं. शेजारचा वेल्डर, ज्याने गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून लोखंडी पिंजरा बसवला. आणि माझा धाकटा भाऊ. त्याला लहानपणापासून सगळे काडी म्हणतात, कारण तो आहेच तसा. मी चालवत नाही. मी पिटच्या, म्हणजे मध्येच गाड्या थांबवायच्या जागेच्या, कठड्याशी उभी राहून वायरलेसवर या तिघांना ओरडते आणि एरवी दातांच्या कवळ्या बनवते.

वर्षभर आमचं आयुष्य म्हणजे दिवसा पोटापाण्याचं काम आणि संध्याकाळ झाली की शेडमधली ती गाडी. गंज खरवडा, ब्रेकचे पॅड बदला, वायरी ओढा. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल, पण हौसेलाही पाठ असते आणि ती दुखते. शर्यत तोंडावर आली तेव्हा आम्ही चौघेही भांडायच्यासुद्धा पलीकडे गेलो होतो.

सीट एका म्हाताऱ्याकडे होती. चौथा मजला, लिफ्ट बंद. काडी त्या दिवशी कामावर होता, म्हणून मी आणि नवराच गेलो. म्हाताऱ्याने दार उघडलं आणि बाजूला झाला. घरात दोन खुर्च्या, एक टेबल, आणि खिडकीकडे तोंड करून ती सीट ठेवलेली. मुलाची होती, एवढं कळलं होतं. मुलगा गेला, हेही.

सीटच्या आत फोमचा साचा होता. ही एक युक्ती असते. माणूस बारीक असेल तर सीटवर मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवायची, तिच्यात दोन रसायनं कालवून ओतायची आणि लगेच वर बसायचं. फेस फुगतो, गरम होतो, पाठीभोवती चढतो आणि थोड्या वेळात दगडासारखा कडक होतो. झाला त्या माणसाच्या पाठीचा साचा. दुसरा ड्रायव्हर आला की उचलून बाजूला ठेवायचा. माझा हात आपोआप त्या खळग्यावरून फिरला. धंद्याची सवय, दुसरं काय.

"हा तेवढा फेकून द्या," म्हातारा म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही. तुमचा नवा ओतून घ्या. पण यात कुणाला बसवू नका."

"नाही काका, ज्याचा त्याचा साचा वेगळाच लागतो," नवरा म्हणाला.

"ट्रॅकवरच गेला तो. अपघात नाही, काही नाही. गाडी हळूहळू गवतावर गेली आणि थांबली. हा आत बसलेलाच." म्हातारा खिडकीतून बाहेर बघत होता. "त्या दिवशी मी जाणार होतो बघायला. पिटमध्ये थांबतो म्हणालो होतो त्याला. मग… कंटाळा केला."

आम्ही सीट उचलली आणि चार जिने धापा टाकत उतरलो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी काडीसाठी नवा फोम ओतायला घेतला. वेल्डर इतका पेंगुळला होता की त्याने दोन्ही रसायनांचं प्रमाण उलटं केलं. फेस फुगलाच नाही, नुसता चिकट लगदा झाला आणि काडी त्यात रुतून बसला. शेवटी त्याची पँट कापून त्याला बाहेर काढलं. आम्ही हसता हसता रडायला आलो, खरंच रडायला, कारण रसायनांचे दुसरे डबे मिळायला आता वेळ नव्हता. साच्याशिवाय काडी त्या रुंद सीटमध्ये डब्यातल्या गोटीसारखा वाजला असता.

म्हाताऱ्याचा फोम शेडच्या कोपऱ्यात तसाच पडला होता. फेकायचा राहून गेला होता. काडीने तो उचलला, सीटमध्ये ठेवला आणि आत बसला.

"अगं ताई, हे तर माझ्याच मापाचं आहे."

"ऊठ त्यातून."

"पाठ बघ कशी बसलीय! एवढं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं." त्याने डोळे मिटून घेतले.

मी वाद घातला नाही. घालायला अंगात त्राण नव्हतं. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही. कधी बसलीच तर मी कवळीचं कौतुक करत नाही, त्या माणसाचं तोंड तपासते. पण त्या संध्याकाळी मी काही तपासलं नाही. घरी जाऊन आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने गाडी चालवली, मग वेल्डरने, आणि दुपारी काडी बसला. नवऱ्याने फोम आत ठेवला, काडीचे पट्टे आवळले आणि छतावर थाप मारली. गाडी गेली. दुपार पांढरीफटक होती. सावल्या नव्हत्या, वारा नव्हता. जळक्या ब्रेकचा आणि तापलेल्या रबराचा वास अंगाला चिकटला होता. इंजिनांची घरघर इतका वेळ कानांत होती की ती ऐकू येणंच बंद झालं होतं.

"काडीला सूर सापडलाय आज," नवरा वेळेच्या पडद्याकडे बघत म्हणाला.

मी पाहिलं. प्रत्येक फेरीची वेळ तीच होती. अगदी तीच, तसूभरही फरक नाही. माणूस थकतो, टायर झिजतात, मध्ये दुसरी गाडी येते. वेळ खालीवर व्हायलाच हवी. मला ते आवडलं नाही. पण नवऱ्याचा चेहरा इतक्या दिवसांनी खुलला होता की मी गप्प बसले.

काडीची पाळी संपली तेव्हा मी वायरलेसवर म्हटलं, "काडी, ही फेरी झाली की आत ये."

"अजून एक."

एक झाली. गाडी समोरून निघून गेली.

"काडी, आत ये. बस झालं."

"अजून एक…"

आवाज त्याचाच होता. पण त्या गाडीत बसून बोलणारा माणूस ओरडून बोलतो, धापा टाकतो, मागे इंजिन किंचाळत असतं. इथे मागे काहीच नव्हतं. बंद खोलीत खुर्चीवर बसून कुणी हळू बोलावं, तसं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बोटांवर काहीतरी हिशेब करत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"पेट्रोल," तो म्हणाला. "मघाशीच संपायला हवं होतं."

तेवढ्यात लांबच्या वळणावर झेंडा घेऊन उभी असणारी मार्शल बाई चालत आमच्याकडे आली. ती धावत आली असती तर मी कमी घाबरले असते. ती हळूहळू, पायांखाली बघत आली.

"तुमच्या ड्रायव्हरचं डोकं खाली आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"छातीवर पडलंय. झोपलेल्या माणसासारखं. मी झेंडा दाखवला, दोनदा दाखवला… तो बघतच नाही. गाडी मात्र बरोबर वळते."

मी कठड्यावर चढले. गाडी लांबून आली. समोरून जाताना काचेतून मला हेल्मेट दिसलं. ते खाली लोंबत होतं आणि प्रत्येक हादऱ्यासरशी इकडून तिकडे हलत होतं. हात मात्र स्टिअरिंगवर होते. ते हात जागे होते.

आमची आई गेली तेव्हा काडी एवढासा होता. त्याला भरवलंय मी, नाक पुसलंय त्याचं. तो माझ्या डोळ्यांसमोर मरत होता, नाहीतर मेला होता, आणि गाडी नीट वळणं घेत होती.

"काडी," मी म्हटलं, "ताई बोलतेय रे. ये ना आत. राजा, ये."

वायरलेस खरखरला. आणि मग तो हळू आवाज आला.

"बाबा आले का…?"

"कोण बाबा?"

गाडी पुन्हा समोरून गेली, हेल्मेट तसंच लोंबत. आमचे वडील जाऊन किती वर्षं झाली, आणि आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तेव्हा काडी काही त्यांची वाट बघत नव्हता. कोण वाट बघतंय ते मला त्या क्षणी कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. मी विचार केला नाही, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर काडीच बुडत होती. मी बटण दाबलं.

"हो. आले. तुझे बाबा आलेत. इथे पिटमध्ये थांबलेत तुझ्यासाठी. ये बाळा… उतर आता."

नवरा माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला.

त्याच फेरीला गाडी आत आली. शांतपणे आली, आमच्या खुणेवर नेमकी थांबली, आणि इंजिन आपोआप बंद पडलं. टाकीत थेंब नव्हता. नवऱ्याने पट्टे सोडले आणि काडीला लहान मुलासारखं उचलून बाहेर काढलं. हेल्मेट काढलं. एवढ्या उकाड्यात त्याच्या कपाळावर घाम नव्हता. चेहरा कोरडा आणि गार होता.

मग त्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, वेल्डरकडे पाहिलं. गर्दीत आपलं माणूस शोधावं तसा एकेक चेहरा बघत गेला.

"कुठायत?" तो म्हणाला.

"कोण रे?"

"घरी असतील," तो म्हणाला, आणि पाणी मागितलं.

मी त्याला छातीशी धरून हमसून हमसून रडले. तो जिवंत होता, बोलत होता, पाणी पीत होता. मला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. "गाडी गेली खड्ड्यात," नवरा म्हणाला, आणि शर्यत आमच्यापुरती तिथेच संपली. डॉक्टरांनी तपासलं. अतिश्रम म्हणाले, विश्रांती सांगितली. अतिश्रम तर आम्हा सगळ्यांनाच होते.

काडीला मी आमच्याच घरी आणलं. तो खायचा, शांत बसायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. पूर्वी घर डोक्यावर घेणारा पोरगा आता जेवण झालं की स्वतःचं ताट घासून ठेवायचा. मी नवऱ्याला म्हटलं, शहाणा झाला बघ. म्हणताना माझं मलाच बरं वाटलं नाही.

फोम मात्र फेकवेना. म्हाताऱ्याच्यानं होत नव्हतं तेच आता माझ्याच्यानं होईना. ज्याचं त्याला परत द्यावं, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी निघाले. काडी म्हणाला, "मी सोडतो." त्याने आपणहून काही करायची इच्छा दाखवली म्हणून मला आनंदच झाला. गाडीत बसले आणि माझा डोळा लागला. इतकी दमले होते मी त्या दिवसांत. जाग आली तेव्हा आम्ही पोचलो होतो.

"तू येतोस वर?" मी विचारलं.

"थांबतो इथेच," तो म्हणाला.

चार जिने चढून बेल वाजवली. म्हाताऱ्याने दार उघडलं. मी फोम पुढे केला. "माफ करा, काका. तुम्ही सांगितलं होतं, तरी आमच्याकडून वापरला गेला."

तो रागावला नाही. त्याने फोम घेतला, टेबलावर ठेवला आणि त्या खळग्यात तळहात टेकवला. मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. रोज ठेवत असणार तो, हाताला जागा ठाऊक होती. मग त्याने हात थोडा सरकवला, पुन्हा टेकवला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"यात तो नाही," म्हातारा म्हणाला. "कुठे उतरवलंत त्याला?"

आत्ता, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात आलं की काडी या घरी कधीच आला नव्हता. मी त्याला पत्ता सांगितला नव्हता. मी तर सगळा रस्ता झोपले होते.

म्हातारा खिडकीशी गेला. पडदा सारून त्याने खाली पाहिलं, आणि त्याचे खांदे हळूहळू खाली आले, ओझं उतरवल्यावर येतात तसे.

"किती वाळलाय," तो म्हणाला. "काही खात नाही का तुमच्याकडे?"

तो दाराशी जाऊन पायांनी चपला चाचपू लागला. मी खिडकीकडे धावले. खाली काडी गाडीतून उतरला होता. मी बसले होते त्या बाजूचं दार उघडून, ते धरून उभा होता.

"काडी!" मी जीव तोडून हाक मारली. "काडी, अरे वर बघ!"

रस्त्यावरच्या दोघातिघांनी वर पाहिलं. त्याने नाही. तो जिन्याच्या दाराकडे बघत उभा होता.