रोखलेला श्वास

रेवा जागी असली की श्वास घ्यायची. झोपली की विसरायची. म्हणून तिच्या उशाशी श्वासयंत्र होतं आणि त्या यंत्रावर काडीचा भरवसा नसलेली तिची आई, ऋजुता. लेकीच्या जन्मापासून ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. येणारेजाणारे म्हणायचे, "जरा पाठ टेक." सांगायला यांचं काय जातं!

आज ती मिरजेच्या प्रयोगशाळेत एका काचपेटीपुढे उभी होती. आत रेवाच्याच पेशींपासून वाढवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा होता. उद्या तो रेवाच्या मेंदूत बसवायचा होता.

"गर्भात मेंदू म्हणजे आधी नुसती नळी असते," डॉ. निलोफर मुजावर म्हणाल्या. "तिला तीन फुगे येतात. पुढच्यातून विचार करणारा मेंदू होतो. तो आम्ही या तुकड्यात येऊच दिला नाही. मागच्यातून, मेंदूच्या देठात, लंबमज्जा घडते. श्वासाचा ताल तिथला. रेवाची खोट तिथंच आहे."

ताल पक्का बसावा म्हणून दाण्याला आईचा श्वास शिकवला होता. ऋजुताच्या छातीवरची पट्टी तो टिपायची आणि विजेच्या बारीक ठोक्यांनी दाण्यापर्यंत पोचवायची. पडद्यावर दाण्याची रेघ चढत होती, उतरत होती. मधेच ती सपाट झाली. मग पुन्हा चालू लागली.

"उद्या शस्त्रक्रिया नाही करता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "हा असा का थांबतो, तेच कळत नाही."

शेजारच्या बाबागाडीत रेवा यंत्राच्या नळीसह झोपली होती. ऋजुता वाकून कानोसा घेऊ लागली. पडद्यावरची दुसरी रेघ, पट्टीची, तीही सपाट झाली.

"ऋजुताताई, तुम्ही श्वास रोखलात?"

"तिचा ऐकू यायला नको? नेहमीच रोखते."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसल्या. "चूक माझी. आईचा श्वास शांतच असणार, असं धरून चालले मी. याला नव्यानं शिकवू. पण तुम्ही गाढ झोपायला हवं. रेवाजवळ मी बसते."

"झोपा म्हणे!" ऋजुता उसळली. तरी ती कोपऱ्यातल्या खाटेवर आडवी झाली. लेकीसाठी तेही करून पाहायचं.

झोप कसली येतेय! तिनं डोळे किलकिले केले. डॉक्टर रेवावर वाकल्या होत्या. कान देऊन ऐकत होत्या, आणि त्यांचीही छाती हलत नव्हती.

ऋजुताला एकदम रडू आलं. इतक्या दिवसांत आपल्यासारखं ऐकणारं दुसरं कुणी तिनं पाहिलंच नव्हतं. तिनं डोळे मिटले, ते मिटलेच. पट्टीची रेघ हळूहळू लांब, सैल होत गेली. पेटीतला दाणा तीच लय उचलू लागला.

मधेच तो थबकला. पट्टीची रेघ मात्र चालूच होती.

आईच्या भीतीपासून शिकलेलं तो विसरेल ना?