आपाला थंडी वाजत नाही

"आणि फुफूचं तिकीट?"

अरीबानं एवढं विचारलं मात्र, सगळ्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं!

ईद नुकतीच होऊन गेली होती. जव्हारच्या एस.टी. डेपोमागच्या त्या घरात, पुढे गाद्या-रजयांचं दुकान आणि मागे दोन खोल्या अशा त्या घरात, सतरंजीवर एक मोठं रंगीत चित्र पसरलं होतं. नाशिकला कॉलेजात शिकणाऱ्या नवेदनं ते आणलं होतं. मनालीच्या वरच्या अंगाचे पांढरेशुभ्र डोंगर, आणि त्यांवरून पायांना लांब फळ्या बांधून सरसर घसरत येणारी माणसं! इक्बाल, त्याची बायको फिरदौस, नवेद आणि धाकटी अरीबा अशी चार डोकी त्या चित्रावर ओणवी झाली होती. नाताळच्या सुट्टीत निघायचं, नाशिकरोडहून दिल्ली गाठायची आणि तिथून बसनं वर चढायचं असं ठरत होतं. कुणाच्या लग्नाला नाही, मयतीला नाही, नुसतं हिंडायला म्हणून हे कुटुंब जन्मात पहिल्यांदाच घराबाहेर पडणार होतं. शेजारीपाजारी चेष्टा करत होते, "अहो, लोक थंड हवेला जव्हारात येतात, आणि तुम्ही जव्हार सोडून थंडी शोधायला निघालात होय!"

आणि उंबऱ्याशी, मांडीवर कुणा गिऱ्हाइकाची रजई घेऊन दोरे घालत बसली होती मदीना. इक्बालची थोरली बहीण. मुलांची फुफू, म्हणजे आत्या, आणि सगळ्या आळीची आपा. अरीबाचा प्रश्न ऐकून तिची सुई कापडात तशीच थांबली.

"अगं, मग दुकान कोण बघणार?" फिरदौस म्हणाली. "थंडी म्हणजे आपला हंगाम. आणि आपांना कुठे असली हौस आहे?"

"शिवाय बर्फाचं तिला काय अप्रूप?" इक्बाल मोठ्यानं हसला. "आपाला थंडी वाजतच नाही! लहानपणी अंगावर रजई घातली की लाथाडून द्यायची. भर पौषात म्हणायची, 'मला उकडतं!' आमच्या आपाच्या अंगात शेगडी आहे, शेगडी!"

सगळे हसले. मदीनाही हसली. हसता हसता सुई बोटात रुतली, तशी तिनं ते बोट पटकन तोंडात घातलं.

"जा रे तुम्ही खुशाल," ती म्हणाली, "दुकान बघायला मी आहे ना! मी आले तर तुमचा तो बर्फ वितळून जायचा."

आणि ती उठून मागच्या पडवीत गेली. भिंतीवर वडिलांची कापूस पिंजायची कमान टांगलेली होती. मशीन आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मदीनानं पदराच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली आणि तिथेच टेकून तिनं डोळे मिटून घेतले.

काय सांगावी माणसाच्या मनाची गोष्ट! ज्या बर्फाचं तिला अप्रूप नाही असं ठरलं होतं, त्या बर्फाची आस या घरात सर्वांत आधी तिलाच लागली होती. अब्बा कापूस पिंजत, तेव्हा समोर छोटी मदीना बसलेली असे. कमानीची ताणलेली तात थरथरली की कापूस भुरुभुरु उडे, आढ्यापर्यंत जाई आणि हलके हलके तिच्या केसांवर उतरे. तरुणपणी कुणा व्यापाऱ्याबरोबर अब्बा पार कुलू-मनालीपर्यंत जाऊन आले होते. ते म्हणत, "बर्फ अस्साच पडतो, बेटा. हा ऊबदार आणि तो गार, एवढाच काय तो फरक. तुला नेईन एकदा." पण अब्बांना ते साधलं नाही. अम्मी तर इक्बालच्या जन्माच्या वेळीच गेली होती. मदीनाच्या डोक्यावर ओढणी स्थिरावते न स्थिरावते तोच अब्बाही गेले... आणि ती कमान मुलीच्या कोवळ्या खांद्यावर आली.

पोरीच्या जातीनं कापूस पिंजायचा? लोकांनी नावं ठेवली. पण नावं ठेवणारे कुणी पोटाला घालत नव्हते! धाकट्याला शेजारी सोपवून ती खोडाळ्याच्या बाजाराला जाई, तिथून सूर्यमाळच्या पाड्या-पाड्यांवर हिंडे, लोकांच्या गादीतला बसून घट्ट झालेला जुना कापूस पुन्हा मोकळा करून देई. वाड्याहून चांगलं स्थळ सांगून आलं होतं, तेही तिनं परतवलं. इक्बालची शाळा व्हायची होती ना!

आणि रजई? दुनियेला ऊब विकणाऱ्या त्या घरात सगळ्या रजया गिऱ्हाइकांच्या होत्या, आपली म्हणावी अशी एकच. ती भावाभोवती गुंडाळून ती म्हणे, "तू घे रे, मला उकडतं." पोर विश्वास ठेवी आणि गाढ झोपी जाई. खोटं एकदा बोललं की सांभाळावं लागतं. दर हिवाळ्यात तिनं ते सांभाळलं. इतकं सांभाळलं की भाऊ मोठा झाला, दुकान उभं राहिलं, घरात रजयांची थप्पी लागली, तरी आपाला कुणी रजई घे म्हणेना. तिनं त्याग केला होता खरा, पण तो इतक्या बेमालूम केला होता की आपल्यासाठी कुणी काही सोडलं आहे हे घरच्यांच्या गावीच नव्हतं! यात त्यांचा तरी काय दोष म्हणायचा?

डोळे कोरडे करून ती पुन्हा कामाला लागली. मनालीच्या थंडीत बाजारचे स्वेटर काय पुरणार? तिनं चांगला लांब धाग्याचा, सरकी काढलेला कापूस निवडून बाजूला काढला, मांजरपाटाचं अस्तर बेतलं आणि दुपारच्या वेळी दुकानातलं गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता कापूस भरलेल्या बंड्या शिवायला घेतल्या. इक्बालची गळ्याशी बंद, कारण त्याला घशाचा त्रास. नवेदची कंबरेत आखूड, त्याला घसरायचं होतं ना फळ्यांवरून! फिरदौसच्या बंडीला तिनं जांभळा काठ लावला. भावजयीला जांभळा रंग आवडतो हे तिला न विचारता ठाऊक होतं. मनातली सल प्रत्येक टाक्यागणिक बोथट होत गेली. आपण नाही तर नाही... आपल्या हातचा कापूस तर त्या डोंगरावर जाईल! एवढ्यावरच ती वेडी सुखावत होती.

बंड्या तयार झाल्या त्या दिवशी सूर्यमाळची गंगी दुकानात आली. गंगी मदीनाच्याच वयाची. पावसाळ्यात नागलीची शेती, एरवी मिळेल ती मजुरी. लेकीचं, पुष्पाचं लग्न ठरलं होतं, आणि गादी भरायची ती मदीनाच्याच हातची, असा तिचा हट्ट होता. इक्बाल गल्ल्यापाशी बसला होता. फिरदौस बंड्यांच्या घड्या घालत होती.

"ये बाय! कवढ्या झाक केल्यात!" गंगीनं एकेक बंडी उचलून गालाला लावून पाहिली. "कोनाच्या गं?"

"घरच्यांच्या. बर्फ बघायला चाललेत," मदीना म्हणाली.

"आन् तुजी कंची?"

"मी नाही जात. दुकान आहे ना."

"आणि त्यांना लागतही नाही, मावशी," फिरदौस सहज म्हणाली. "आपांना थंडी वाजतच नाही."

गंगीनं आधी फिरदौसकडे पाहिलं, मग मदीनाकडे, आणि मग ती पोट धरून हसत सुटली.

"कोनाला? हिला? मदिनाला थंडी नाय वाजत?"

"गंगे, गप बस!" मदीना घाईघाईनं म्हणाली. "तुझ्या गादीचं माप सांग आधी."

"माप ऱ्हाऊ दे! पोरी, ही तुमची आपा कमान घेऊन आमचे पाड्यावर यायची ना, ती आमचेच घरात निजायची. निजायची कसली! आमचे चुलीपुढं गुडघं पोटाशी घेऊन बसायची, दात वाजायचे कडाकडा. माजी आई म्हनायची, पिंजाऱ्याची पोर तू, एक रजई नाय तुज्याकडं? तं ही काय सांगायची ठावं हाय? 'हाय ना मावशे, पन ती माजे भावाचे अंगावर हाय. त्याला खोटंच सांगितलंय मला उकडतं म्हनून... नाय तं तो घ्यायचा नाय!'"

बाहेर डेपोत कुठलीशी गाडी घरघरत सुरू झाली.

फिरदौसच्या हातातली जांभळ्या काठाची बंडी गळून पडली. गल्ल्यापाशी बसलेला इक्बाल हळूहळू उठला. त्याच्या डोळ्यांपुढे ते सगळे हिवाळे उभे राहिले... ती एकुलती एक रजई, तिची ती ऊब, आणि पलीकडे भिंतीला टेकून बसलेली आपा! लाथाडून देत होती ती रजई, की त्याच्याकडे सारत होती? आणि हीच गोष्ट त्यानं साऱ्या गावाला विनोद म्हणून सांगितली होती! हसत, टाळ्या देत!

तो बहिणीसमोर येऊन बसला. आळीत ज्याला लोक शेठ म्हणत तो इक्बाल, शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून बसला.

"आपा," तो म्हणाला, "एकदाच खरं सांग. तुला थंडी वाजते?"

मदीनानं तोंड फिरवलं. नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. पण इतकी वर्षं सांभाळलेलं ते खोटं आज काही केल्या बाहेर पडेना.

"वाजते रे..." ती म्हणाली, "लहानपणापासून वाजते. फार वाजते!"

आणि मग बांध फुटला! इक्बालनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. "मला का नाही सांगितलंस, आपा? मी मोठा झाल्यावर तरी सांगायचंस! इतकी वर्षं मी तुझ्या वाटची ऊब अंगावर घेऊन झोपलो, आणि वर तुलाच हसलो!"

"सांगितलं असतं तर तू रजई अर्धी केली असतीस," ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "आणि अर्ध्या रजईत दोघंही कुडकुडलो असतो, वेड्या."

फिरदौस पुढे आली आणि तिनं नणंदेचे दोन्ही हात धरले. "आपा, हौस नाही असं मीच ठरवून टाकलं. एकदाही तोंड उघडून विचारलं नाही तुम्हाला. मला माफ करा... पण आता ऐका. दुकानाला कुलूप लागेल. तुम्ही नाही, तर आम्हीही नाही."

"आणि गंगीची गादी? पुष्पाचं लग्न आहे!"

"लगीन माघात हाय," गंगी डोळे पुसत म्हणाली. "आन् झाला उशीर तं झाला! गादीवाचून कोनाचं लगीन मोडलंय? तू जा बाय. जाऊन बघ काय तो बर्फ, आन् माजे लेकीला येऊन सांग."

तिकिटाचं जमता जमता जमलं. नवेदनं नाशिकरोड स्टेशनवर दोनदा खेटे घातले. जागा मिळाली, पण दुसऱ्या डब्यात. "तिथे मी बसेन," इक्बाल म्हणाला, आणि त्यावर त्यानं कुणाला चकार शब्द काढू दिला नाही.

राहिली बंडी. मदीनानं कात्री हातात घेतली, तर इक्बालनं ती काढून घेतली. "तुझी मी शिवणार." पडवीत जाऊन त्यानं भिंतीवरची अब्बांची कमान उतरवली. मशीनचा कापूस त्याला या बंडीत भरायचा नव्हता. त्याला सवय नव्हती, हात भरून येत होते, तात कधी नीट लागे, कधी रुसे. पण बघता बघता तिनं जुना सूर धरला आणि कापूस उडू लागला... आढ्यापर्यंत गेला आणि भुरुभुरु खाली आला. मदीना समोर बसली होती. तिच्या पिकल्या केसांवर, खांद्यांवर, ओंजळीत तो उतरत होता.

"फुफू, बर्फ!" अरीबा टाळ्या पिटत ओरडली. "बघ ना फुफू, तुझ्यावर बर्फ पडतोय!"

मदीनाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. अब्बांचा शब्द असा, मुलाच्या हातून, परत आला होता. ती कृतार्थ होऊन नुसती पाहत राहिली.

बंडी झाली तीही पाहण्यासारखी! एक खांदा वर, एक खाली, टाके नागमोडी, आणि शेठनं जीव ओतून कापूस इतका ठासला होता की हात खाली करू म्हटलं तर हात खाली येईनात. निघायच्या दिवशी भर दुपारी ती बंडी घालूनच आपा डेपोत आली. ऊन चांगलं तापलं होतं. नाशिकच्या गाडीची वाट पाहणारी माणसं वळून वळून बघत होती. निरोपाला आलेली गंगी तर तोंडाला पदर लावून हसत होती.

इक्बालनं सामान खाली ठेवलं आणि बहिणीकडे पाहिलं. तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते.

"आपा," त्यानं काळजीनं विचारलं, "थंडी तर नाही ना वाजत?"

"नाही रे बाबा!" मदीना म्हणाली. "आज मात्र मला खरंच उकडतंय!"

सगळे खळखळून हसले, इक्बाल हसता हसता पुन्हा रडला, आणि गाडी लागेपर्यंत फिरदौस पदरानं आपाला वारा घालत राहिली. पण बंडी काही मदीनानं काढली नाही.