पात्याच्या पाठीवरचा खळगा

"आबा, हे काय करून ठेवलंत?"

जपानी रंध्याचं पातं विकासनं उजेडाकडे धरलं होतं. चोरबाजारातल्या भंगारातून उचललेला तो जुना रंधा त्यानं महिनोनमहिने जीव ओतून दुरुस्त केला होता; गंज काढला, लाकडी ठोकळा सरळ केला, आपल्या रंध्यासारखा पुढे न ढकलता स्वतःकडे ओढून चालवायची सवय केली... तोच घेऊन आज तो जपानला, एका सुताराच्या कारखान्यात शिकायला निघाला होता.

आणि लेकाला निघताना धारदार पातं हाती द्यावं म्हणून कोंडीरामनं ते दुपारभर दगडावर घासलं होतं. जन्म गिरणीच्या सुतारखात्यात गेलेला माणूस तो, पाठ सपाट असलेलीच पाती त्याला ठाऊक. बोटांना खळगा लागला, तो गंजानं खाल्लेला वाटला. तो तर लोहारानं मुद्दाम ठेवलेला होता, आणि तो गेल्यावर पातं कामातून गेलं! दिसला असता तर कळलंही असतं, पण डोळे... काचबिंदूनं गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही जाईल, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यानं घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळतं तर विकासनं भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली असती.

"एवढा मोठा खळगा दिसला नाही तुम्हाला?"

 कोंडीराम डोळ्यांबद्दल एक शब्द बोलता तर पोरगा गळ्यात पडला असता, आणि इथंच राहिला असता.

"दिसला की. दिसला म्हणूनच घासला," तो म्हणाला. "बापाचा रंधा टाकून परक्याचा मिरवतोस. जा आता रिकाम्या हातानं."

 विकासनं पातं तिथंच ठेवून बॅग उचलली. आईच्या पाया पडला, बापाला जयभीमही न करता जिना उतरला.

कमलाबाई डोळे पुशीत गॅलरीत उभी होती. भिंत चाचपत कोंडीराम तिच्या शेजारी आला आणि खाली बघत हात हलवू लागला.

"कुणाला हात करताय?" ती चिडून म्हणाली. "टॅक्सी त्या टोकाला हुती. कवाच गेली..."

बोलता बोलता ती थांबली. तिनं बाजूनं त्याच्या डोळ्यांपाशी हात नेला. पापणीसुद्धा हलली नाही.

ती फोनकडे धावणार तोच त्यानं तिचा पदर घट्ट धरला.

"त्याचं इमान उडू दे, कमल. मग सांग," तो म्हणाला. "त्यानं वळून बघितलं का गं?"

"व्हय," कमलाबाई म्हणाली. "दोनदा."

विकासनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं.