काजलच्या शेडचा आराखडा

झेरॉक्सच्या दुकानात माझा अनुदानाचा अर्ज चुकून शेजारी उभ्या असलेल्या एकाच्या कागदांत गेला. परत देताना तो हसू दाबत होता.

"तुमचाच ना? 'सध्या वापरात असलेले प्रगत तंत्रज्ञान'… इथं तुम्ही लिहिलंय, नत्थूकाकांचे कान."

मी ओशाळले. चिडून लिहिलं होतं ते. वर्ध्याच्या एमआयडीसीत आमची एक शेड आहे. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सुटी करणाऱ्या मशीनच्या पात्या आम्ही बनवतो. आमचे जुने कारागीर नत्थूकाका पातीवर टिचकी मारतात आणि आवाजावरून सांगतात, चांगली की खोटी. याहून प्रगत आमच्याकडे काही नव्हतं.

"खोडू का?"

"राहू द्या," तो म्हणाला. "वाचणाऱ्याले बरं वाटेल."

वाचणारा तोच निघाला. लहान कारखान्यांनी नवं तंत्रज्ञान आणायच्या आधी त्याचा नीट आराखडा करावा, म्हणून ते अनुदान होतं. आराखडा मंजूर झाला, की मशीनसाठीही मदत मिळणार होती. तो करायला माझ्याकडे पाठवलेला इंजिनियर म्हणजे हाच – नाचणगावचा रत्नदीप. दर मंगळवारी यायचा.

बाबा गेल्यापासून चार वर्षं शेड मीच चालवत होते. आई दादाकडे पुण्याला. बोरगावच्या घरी जेवताना मी टीव्ही लावून ठेवायची, पाहायला नाही, घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून. दिवसभर बोलणं व्हायचं ते मापांचं. मला काही विचारून उत्तरासाठी थांबणारं कोणी नव्हतं.

तो थांबायचा.

कोणत्या कामाला जास्त वेळ लागतो, पाती कुठे बिघडते… तपासणीचं टेबल कोपऱ्यात का? बाबांनी ठेवलं होतं, मी म्हणाले.

"आणि तुम्हाला कुठे पाहिजे?"

याचा मी कधी विचारच केला नव्हता. खूप वेळानं म्हणाले, खिडकीपाशी. पुढच्या मंगळवारी त्याच्या नकाशात टेबल खिडकीपाशी होतं. मी त्या कागदाकडे उगाच पाहत राहिले.

नत्थूकाका मात्र धास्तावले होते. आवाजावरून पाती तपासणारी नवी मशीन आली म्हणजे आपल्याला घरी बसवतील, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. रत्नदीप दोन मंगळवार त्यांच्याजवळ स्टुलावर बसला. शेकडो पात्यांचे आवाज त्यानं टिपून घेतले. मशीनला खरं-खोटं शिकवायला तुम्हीच लागाल, असं त्यांना समजावलं. तो गेल्यावर काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरगा बरा हाय."

एकदा चहा पिताना मी त्याला छेडलं. "इतके प्रश्न घरीपण विचारता का?"

"घरी उत्तर द्यायले कोणी नाई."

"म्हणून सगळे इथं संपवता?"

"संपत नाहीत ना…" तो कपात पाहत म्हणाला. "उरतात थोडे."

त्या संध्याकाळी घरी मी टीव्ही लावायला विसरले.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. फोन आला तो त्याच्या ऑफिसातल्या नंदिनी मॅडमचा. उरलेलं काम त्या करणार होत्या. रत्नदीपनं ही फाइल सोडली होती. मी कारण विचारलं. वैयक्तिक आहे, एवढंच म्हणाले ते, असं त्या म्हणाल्या.

नंदिनी मॅडमचं काम चोख होतं. पण मी रोज माझंच बोलणं आठवून पाहायची… जास्त हसले का? काही लागलं का त्याला? मेसेज लिहायची, पुसायची. कापसाच्या गाड्या रस्त्यानं जायच्या आणि बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहायचे. ते पाहत मी स्कूटीवरून घरी जायची. दीड महिना असाच गेला.

आराखडा मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेडच्या दारात उभा होता. अभिनंदन म्हणाला.

"अर्ध्यात सोडून जाणाऱ्यांचं अभिनंदन नको मले."

तो आत आला नाही. "आराखड्याच्या शेवटच्या पानावर माझी सही पाहिजे होती," तो हळू म्हणाला. "सहीच्या वर एक ओळ आहे. या उद्योगाच्या मालकाशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही."

"मग? नव्हताच."

"तुमच्याकडून नसेल… मी तीन दिवस पेन घेऊन बसलो, काजल. मले सही करता आली नाई."

त्यानं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. माझा हात पातीवर तसाच राहिला.

"एक फोन नाही करता आला?"

"मंजुरीच्या आधी बोललो असतो, तर उद्या कोणी म्हटलं असतं, ओळखीनं झालं. तुमचं काम तुमच्याच नावावर मंजूर व्हायले पाहिजे होतं."

"दीड महिना मी माझं काय चुकलं ते शोधून राह्यली होती," मी म्हणाले.

तो उंबरा ओलांडून आत आला. मग म्हणाला, "तेवढं माझं चुकलं."

नत्थूकाका एकाएकी तंबाखू आणायला निघाले. लेथ बंद होती.

"मले कोणाची सवय राह्यली नाई आता," मी म्हणाले. "वेळ लागेल."

"लागू द्या."

जेवणाची वेळ झालीच होती. मी दुसरं स्टूल ओढलं, डबा उघडला आणि झाकणात त्याला वाढलं.