लेखात घुसलेलं वाक्य

“माझ्या लेखामुळे एका बाईचा पाय गेला,” नरेंद्र सर म्हणाले. खुर्ची समोर होती, पण बसायचं त्यांना सुचलं नाही.

वाशिमच्या बसस्थानकामागे सुकेशनी ताजणे खासगी तपासाचं कार्यालय चालवत. निवृत्त हवालदार शेषराव त्यांचे मदतनीस. त्यांनी सरांना बसवलं, पाणी दिलं.

सर केनवडचे, जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. इंटरनेटवरच्या एका मुक्त विश्वकोशात ‘सर्पदंश’ हा मराठी लेख त्यांनी वर्षभर खपून वाढवला होता. वाक्यावाक्याला आधार शोधला होता. पण तिथे कुणालाही मजकूर घालता येई.

गेल्या महिन्यात रिठदच्या धनीबाईंना तुरीच्या वावरात घोणस चावली. धाकट्या मुलानं, बादलनं, मोबाइलवर हाच लेख वाचला आणि त्याप्रमाणे पाय बांधला. रुग्णालयात पोचेपर्यंत पाय काळा पडला होता. तो गुडघ्यातून काढावा लागला.

“थोरला मुलगा राजपाल पुण्याला असतो. तो म्हणतो, लेख तुमचा, दोष तुमचा. पण ताई, ते वाक्य मी लिहिलेलं नाही!”

सुकेशनीबाईंनी लेखाची जुनी आवृत्ती उघडून वाक्य मोठ्यानं वाचलं. “‘दंश झाल्यास गुडघ्याखाली व घोट्याच्या वर सुती दोरी आवळून बांधावी, पायाला कडुनिंबाचा पाला लावावा व विष उतरेपर्यंत थांबावे.’ संदर्भ नाही. घालणाऱ्याचं नाव नाही. वेळ, त्याच दिवशी दुपारी एक.”

“आणि साप चावला दोनला,” सर म्हणाले. “तासभर आधी कुणीतरी हे विष माझ्या लेखात कालवलं.”

“तुमचं कुणाशी वाजलं होतं?”

सर घुटमळले. “हर्षलशी.”

हर्षल मेडशीचा सर्पमित्र. जिल्ह्यातल्याच मालेगावच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी भेटला. प्रश्न ऐकताच भडकला.

“माह्यं नाव घेऊन राह्यले का सर? म्या येवढंच म्हटलं, गावातले उपायबी लेखात पायजेत. दोन्ही बाजू नको का? सर म्हणत, त्याले आधार दाखव. म्या लिवू, ते पुसत. ते लिवत, म्या बदलू.”

“मग?”

“मंग सरायनं प्रथमोपचाराचा अख्खा भागच काढून ठेवला. आमचं दोघायचं ठरेपरेंत.”

“दोरी बांधायचं तू लिहिलंस?”

“कंदीच नाई. म्या रोज साप धरतो, म्याडम. बांधलेला पाय सडतो, हे म्या डोयानं पाह्यलं हाय.”

टपरीपासून दूर येताच शेषराव पुटपुटले, “यानंच टाकलं असंल. सरांवर राग.”

“असेल,” सुकेशनीबाई म्हणाल्या. “पण आता रिठदला जाऊ.”

धनीबाई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. लुगड्याखाली एक बाजू सपाट होती. बादल उंबऱ्याशी उभा. त्याचे डोळे खोल गेले होते.

“साप दिसला होता का, मावशी?”

“कायचा दिसते, बाई! तुरीत गवत कापून राह्यली होती. दहिवरानं लुगडं गुडघ्यापरेंत वलंचिंब. काट्यावानी टोचलं, अन् पाह्यतो त लांबडी परड, तुमी घोणस म्हंता ते, सरकत चालली.”

“किती वाजले होते?”

“दोन,” बादल मध्येच म्हणाला. “दुपारचे दोन, म्याडम. डाक्टरनं काढल्या त्या दोन्ही दोऱ्या म्याच बांधल्या होत्या. गुडघ्याखाली अन् घोट्यावर. पालाबी लावला. लेखात होतं तसंच केलं.”

“बरोब्बर तसंच,” शेषराव हळहळले.

सुकेशनीबाईंनी सरांना आणि हर्षलला तिथेच बोलावून घेतलं.

सगळे ओसरीवर जमले तेव्हा उन्हं कलली होती.

“आपण सगळे एकच धरून चाललो,” सुकेशनीबाई म्हणाल्या. “आधी वाक्य, मग दोरी. शेषराव, साप हाताला चावला तर?”

“तर... हाताला बांधायचं.”

“मग त्या वाक्यात फक्त गुडघा आणि घोटा का? लेख सर्पदंशाचा आहे, पायाचा नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच पाय होता. आधीच बांधलेला.”

“पण वाक्य एकचं, दंश दोनचा,” सर म्हणाले.

“दोन कोण म्हणतं? फक्त बादल. मावशी म्हणाल्या, दहिवरानं लुगडं ओलं झालं. दुपारी दोनला तुरीवर दहिवर असतं? साप सकाळी चावला. दोऱ्या सकाळी बांधल्या. दुपारपर्यंत पाय काळा पडला, आणि मग कुणीतरी ते लेखात लिहिलं. दोऱ्या कुठं आणि कशा बांधल्या, हे तेव्हा बांधणाऱ्यालाच माहीत होतं.”

बादल भिंतीला टेकत खाली बसला.

“म्याच लिवलं,” तो म्हणाला. “गाडी सांगतली होती, येऊन नव्हती राह्यली. पाय पाह्यला अन् मले घाम फुटला. दादाले काय सांगू? वाटलं, मोबाइलात लिवलेलं असलं म्हणजे दोष माह्यावर येनार नाई.”

हर्षल संतापून उठला. “अन् येवढे दिवस सरायच्या गळ्यात!”

“बस, हर्षल.” सरांचा आवाज मोकळा झाला होता. महिन्याभराचं ओझं उतरत होतं. “बादल, अरे, सकाळीच लेख उघडला असतास तर?”

बादलनं मान वर केली. “उघडला होता, सर. मायले चावल्याबरोबर उघडला. सापायच्या जाती होत्या. इख कसं चढते, ते होतं. काय करावं, तिथंच काई नव्हतं. ‘या भागावर चर्चा सुरू आहे’ येवढंच. मंग बुढे लोक करत तसं केलं.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी हर्षलकडे पाहिलं. हर्षलनं नजर खाली घातली.

“एक ओळ पुरली असती,” सर कसंबसं म्हणाले. “बांधू नका, कापू नका, पाय हलवू नका, लगेच दवाखाना गाठा. यावर आमच्या दोघांचं कधीच दुमत नव्हतं. बाकीच्यावर भांडत बसलो.”

इथे सुकेशनीबाईंच्या तर्काचं काम संपलं होतं.

धनीबाई इतका वेळ लेकाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “बादल, फोन लाव राजपालले.”

“माय...”

“लाव.”

त्यानं लावला. पलीकडून आवाज आला तसं त्यानं डोळे मिटले.

“दादा, मोबाइलात तसं काईच लिवलेलं नव्हतं. म्याच बांधलं. अन् सकाळपासून बांधून ठेवलं.”

नरेंद्र सर उठले, त्याच्याजवळ खाली बसले आणि त्यांनी फोन आपल्या हातात घेतला.

“राजपाल, मी नरेंद्र बोलतोय. फोन ठेवू नको. मलाही सांगायचंय.”