शिंप्याचा बॉबिन

दार लोटून घ्या रे, आणि मध्ये मध्ये दात काढायचे नाहीत. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या. हे आमच्या शिंप्याच्या बाबतीत घडलेलं आहे. माझ्या अंगावरचा हा सदरा त्याच्याच हातचा, तेव्हा कुठली तरी ऐकीव गोष्ट म्हणून उडवून लावायची सोय नाही.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. दिवेलागणीला विमा कंपनीचा माणूस त्याच्या दुकानात आला. काम साधंच. एक प्रश्न विचारायचा आणि जबाबावर सही घ्यायची.

"काका, त्या दिवशी मोटरसायकलला आडवा गेला तो कुत्रा तुमचा का?"

शिंपी कापडावर खडूची रेघ मारत होता. ती वाकडी गेली. "छे हो! गल्लीतला होता कुठला तरी."

आता खरं काय ते सांगतो. कुत्रा त्याचाच. बायको गेल्यावर त्या घरात बोलायला दुसरं होतं कोण? रंगानं तांबूस, नाव बॉबिन, कारण दिवसभर शिलाई मशीनखाली दोऱ्याच्या बॉबिनसारखी गुंडाळी करून पडलेला असायचा. उरलेल्या कॅनव्हासचा पट्टा शिंप्यानं स्वतः शिवून त्याच्या गळ्यात घातला होता. पण बांधायचा मात्र कधीच नाही. दुकान आवरताना "जा, ये फिरून" म्हणून सोडायचा आणि थोड्या वेळानं दारातून शीळ घालायचा. त्या संध्याकाळी बॉबिन रस्त्यापलीकडे होता. यानं शीळ घातली, तो जीव खाऊन धावत सुटला, आणि नेमका त्याच वेळी वळणावरून आमचा वायरमन मोटरसायकलवर आला. कुत्रा जागच्या जागी गेला. वायरमन दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. मागे त्याची बायको आणि कडेवरचं पोर.

गर्दी जमायच्या आत शिंप्यानं गळ्यातला पट्टा सोडवून खिशात घातला. पोलिसानं विचारलं, कुत्रा कुणाचा? हा गप्प. मेलेलं जनावर उचलणाऱ्या गाडीवाल्यानं विचारलं, तेव्हा यानं माहीत नाही म्हणून मान हलवली. बॉबिनला बेवारशी म्हणून नेलं.

विम्याचा माणूस सरळ होता. म्हणाला, "काका, कुत्र्याला मालक असला तर त्या बाईला भरपाई मालकाकडून मिळते. तुमच्या दुकानाच्या विम्यात तेही धरलेलं आहे. मालकच नसला तर तिनं मागायचं कुणाकडे? रस्त्याकडे?"

शिंप्यानं मनातल्या मनात हिशेब केला. कुत्रा मोकळा सोडला होता म्हटलं की कंपनी हात वर करणार, सगळं आपल्या अंगावर येणार, दुकान जाणार. आणि दुकानामागचीच खोली म्हणजे त्याचं घर. त्यानं सही करून टाकली. कुत्रा माझा नाही. "उद्या सकाळी पुढे पाठवतो," म्हणून माणूस निघून गेला.

रात्री शिंपी एकटाच जेवायला बसला. अर्धी पोळी मोडली आणि सवयीनं मशीनखाली धरली. हात तसाच राहिला बिचाऱ्याचा. मला म्हणाला, "दादा, बायको गेली तेव्हासुद्धा मी एवढा एकटा नव्हतो हो."

मध्यरात्र उलटून गेली असेल. झोप कसली लागतेय! बाहेर मोटरसायकल आली. शटरसमोर थांबली. इंजिन बंद झालं.

मग शटरवर टकटक. किल्लीनं केल्यासारखी.

"दुकान बंद आहे. उद्या या."

पुन्हा टकटक.

तो उठला. खिडकीच्या फटीतून पाहिलं. दिव्याखाली एक माणूस उभा. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. चेहरा दिसत नव्हता. पण शिंपी चेहरा विसरेल, खांदा नाही विसरायचा. डावा खांदा उतरता होता. हत्यारांच्या पिशवीच्या ओझ्यानं उतरलेला... त्या खांद्याचं माप त्यानं स्वतः घेतलं होतं. वायरमनचा कामाचा शर्ट त्यानंच शिवला होता.

माणसाच्या पायाशी काहीतरी बसलं होतं. अंधारात नीट दिसेना. फक्त पायरीवर शेपूट आपटल्याचा आवाज.

धप्. धप्.

"काका..." बाहेरून आवाज आला. शांत. रागाचा लवलेश नाही. "हा तुमचा का?"

शिंपी फटीपासून मागे सरकला.

"रस्त्यात एकटाच फिरतोय... कुणाचाच नाही म्हणतात."

धप्.

"तुमचा नसेल... तर मी नेतो. मलाही तिथे सोबत नाही."

...

शेपटीचा आवाज थांबला.

किक मारल्याचा आवाज आला, आणि शिंपी ओरडला. "नको! माझा आहे... माझाच आहे तो! मीच सोडला होता. मीच शीळ घातली!" रडत रडत त्यानं शटर वर ढकललं.

कुणी नाही.

रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा.

त्यानं तसाच विम्याच्या माणसाला फोन लावला. तो आधी झोपेत खेकसला, मग सगळं ऐकून घेतलं आणि उजाडता उजाडता नवा जबाब घ्यायला आला. दुकान गेलं का म्हणाल, तर नाही. कंपनीनं बरीच कुरकुर केली, थोडं याच्या अंगावर आलं, ते हा अजून फेडतोय. पण त्या बाईच्या हातात तिच्या हक्काचं पडलं.

त्या सकाळी विम्याच्या माणसानंच शटरच्या कडीकडे बोट दाखवलं. "काका, हे काय बांधलंय?"

कडीला पिवळ्या वायरीचा हातभर तुकडा बांधलेला होता. दुसऱ्या टोकाला वायरीचंच गोल कडं, वायरमन लोक देतात तसा पीळ देऊन घट्ट बंद केलेलं. कुठे सोडायला जागा नाही. आतल्या बाजूला दोन-चार तांबूस केस अडकलेले.

शिंप्यानं ते कडं हातात घेऊन पाहिलं. मग आत गेला, त्या दिवसापासून ड्रॉवरला लावलेलं कुलूप काढलं आणि तो कॅनव्हासचा पट्टा घेऊन आला. बक्कल लावली. पट्टा त्या कड्यावर ठेवला.

सुताचाही फरक नव्हता.