पाहुणीच्या कळ्या

पिवळं पडलेलं पान रुमालात गुंडाळून मी भिगवण रोडवरच्या दादासोच्या शेतीऔषधांच्या दुकानात उभी होते. पान कॅमेलियाचं — पण ते नाव दोनदा सांगूनही दादासोला पटलेलं दिसत नव्हतं. त्याने पान उलटसुलट केलं आणि एक निळी बाटली काउंटरवर ठेवली.

"टॉनिक आहे मावशी. मारा बिनधास्त."

"टॉनिक नगं दिऊस त्यास्नी," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. "आदी पाणी कसलं घालत्यात ते इचार."

मी लगेच वळले नाही. हा आवाज माझ्या ओळखीचा होता... फक्त त्याला चेहरा नव्हता.

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली. सुरुवातीची काही वर्षं इंदापूरच्या एक्स्चेंजमध्ये होते, कानाला हेडफोन लावून हाताने लाइन जोडायचो तेव्हाची गोष्ट. कळसच्या पोस्टातून एक तरुण दर आठवड्याला नाशिकचा कॉल मागायचा, लागवडीच्या द्राक्षाच्या काड्या मागवायला. लाइन लागायची नाही. तो तास-दीड तास थांबायचा. एकदा म्हणाला, "बाई, तवर मी चालत नाशिकला जाऊन यीन." मी हसले होते आणि ते त्याला ऐकू गेलं होतं. पुढे दोघंही आपापल्या संसाराला लागलो, आणि मधे चव्वेचाळीस वर्षं गेली.

मी वळले. उंच, थोडा वाकलेला माणूस. पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात दोरीला बांधलेलं छोटं भिंग.

"बोअरचं पाणी," मी म्हणाले.

"रोज?"

"रोज. दोन वेळा."

"मायेनं?"

"म्हणजे काय."

"मग मायेनंच मारताय तुमी त्याला." त्यांनी पान हातात घेतलं. "ह्यो केवडा. आमच्या उसावर बी पडतो. शिरा हिरव्या आन पान पिवळं. तुमच्या पाण्यात चुना हाय, मातीत बी चुना हाय. झाडाला लोह घ्यायला येत न्हाय. ताट वाढलंय, पर तोंड बांधलंय."

दादासोने निळी बाटली गुपचूप मागे सरकवली.

"मी रामहरी. कळसचा," ते म्हणाले.

'माहीत आहे' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी म्हणाले, "मी प्रमोदिनी. कालव्याजवळ राहते."

"गुरवारी बाजाराला येतो मी. झाड बगून जाईन — चालंल का?"

चालेल, म्हणाले. पान त्यांच्याच हातात राहिलं, रुमालही.

*

कॅमेलिया माझ्या मुलीने आणली होती. आसावरी कुन्नूरला असते, चहाच्या मळ्यांच्या मधोमध. तिथे ही गुलाबासारख्या फुलांची, चहाच्याच जातीची झाडं कुंपणाला लावतात म्हणे. चार वर्षांपूर्वी गाडीत मागच्या सीटवर बसवून एक रोप ती इथे घेऊन आली, आणि मी ते अंगणातल्या काळ्या मातीत लावलं. दर वर्षी कळ्या येत, हरभऱ्याएवढ्या होत, तपकिरी पडत आणि गळत. या वर्षी तर पानंच पिवळी झाली.

रामहरीराव गुरुवारी आले. चपला बाहेर काढल्या, बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि झाडाचं एकेक पान बघत राहिले. मग विळ्याने कडेची माती सैल करून अख्खं झाड मुळासकट उचललं.

"पांढरी मुळी न्हाय," ते म्हणाले. "बगा. सगळी काळपट. पांढरी मुळी चालली तर झाड खातं."

"मरेल का?"

"घाई करू नगा. पाहुणी हाय ती. पाहुणीला आपल्याकडचं तिखट एकदम वाढत्यात का?"

त्या दिवसापासून कॅमेलियाचं नाव पाहुणी पडलं. त्यांनी तिला मोठ्या कुंडीत बसवलं — तांबडी माती, नारळाचा भुसा, जुना पालापाचोळा. वर लोहासाठी चिमूटभर हिराकस. शेडनेटचा तुकडा बांधला. आणि बोअरच्या पाण्याला बंदी.

"मग पाणी कुठलं घालू? आपल्याकडे पाऊस येतो तो विचारून येतो."

"एसीचं घाला. त्या पाण्यात चुना नसतो."

शेजारी दातांचा दवाखाना आहे. त्याच्या एसीच्या नळीखाली आम्ही कॅन लावला. रोज संध्याकाळी सरुबाई, माझ्याकडे कामाला येते ती, तो कॅन उचलून आणायची आणि वाटेत भेटेल त्याला सांगायची, "आमच्या बाईंचं झाड एसीत ऱ्हातंय."

गुरुवारमागून गुरुवार गेले. ते दहाला यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, हे त्यांनी एकदा सांगितलं; माझे यजमानही तसेच गेलेले. आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला — "पाहुणी कशी हाय?" मग माझ्याकडे बघून, जरा थांबून — "आन तुमी?"

एकदा त्यांनी पानाच्या मागे कोळी दाखवला. माणसाला दिसेल न दिसेल असा तांबडा ठिपका. भिंग दोरीला, दोरी खिशाला. बघायचं तर मला वाकूनच बघावं लागलं. जवळ गेल्यावर गंधकाचा वास आला. द्राक्षबागेत जन्म गेलेल्या माणसाच्या कपड्यांतून तो जात नाही. मला तो वास आवडला, आणि आवडला हे कळल्यावर मी जरा घाईने सरळ झाले.

"दिसला?"

"दिसला."

"काय दिसलं?"

"...नीट नाही दिसलं."

"मग परत बगा," ते म्हणाले. चेहरा अगदी गंभीर. मी परत पाहिलं.

सरुबाईच्या नजरेतून काही सुटत नाही. "बाई, आज गुरवार हाय वाटतं," ती भांडी घासता घासता म्हणायची.

"का गं?"

"न्हाय, केस धुतल्यात म्हनून इचारलं."

ऑगस्टमध्ये एकदा मी त्यांना म्हणाले, "तुम्ही मला एकदा फोनवर झापलं होतंत. चालत नाशिकला जाईन म्हणून."

कप त्यांच्या हातातच राहिला. मला वाटलं, विसरले असतील.

"त्या हसणाऱ्या बाई... तुमी व्हय?" ते सावकाश म्हणाले. "मला काड्या तर पुढच्याच म्हयन्यात मिळाल्या होत्या. तरी मी वरीसभर कॉल लावीत होतो."

मी चहात साखर घातली होती की नाही, ते आठवेना. पुन्हा घातली.

*

सप्टेंबरात नवी पानं आली — गडद, तेल लावल्यासारखी चमकणारी. रामहरीरावांनी कुंडीची कड बोटाने उकरून दाखवली. पांढरी मुळी होती, शेवईसारखी. आणि मग कळ्या आल्या. सात. मी त्यांना सकाळी बघायची, दुपारी बघायची. दिवाळीनंतर त्या बोराएवढ्या झाल्या. एकीच्या टोकाला गुलाबी रेघ दिसायला लागली. तोवर कधीच इतकं झालं नव्हतं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. संक्रांत झाली की घर बंद करून मी कायमची कुन्नूरला जाणार होते. आसावरीला शब्द दिला होता. एकटीने इथे किती वर्षं काढायची, गुडघे काय म्हणतात, सगळं बोलून झालं होतं. जायच्या आधी मला फक्त एक हवं होतं, हे झाड इथे, या अंगणात फुललेलं बघायचं होतं. चार वर्षं मी त्याच्यापुढे हरत होते. हरून जायचं नव्हतं.

रामहरीरावांना सुरुवातीला सांगितलं नाही, कारण त्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. नंतर सांगितलं नाही... कारण संबंध होता.

नोव्हेंबरात डोळ्याच्या तपासणीसाठी पुण्याला गेले. नेमका मधे गुरुवार आला. शनिवारी परतले, पिशवी खाली ठेवायच्या आधी अंगणात गेले. पाहुणी हिरवीगार उभी होती. कळी एकही नव्हती. सातही कळ्या पायरीवर, हळदीच्या पानावर ओळीने ठेवलेल्या.

"कळसचे आबा आले हुते," सरुबाई म्हणाली. "म्हनले, बाईस्नी सांग, झाड आता वाचलं."

मी जेवले नाही.

*

रविवारी सकाळी एसटीने कळसला गेले. बाग विचारत विचारत पोचले. मांडवाखाली बायका ओळीने उभ्या राहून घडांची विरळणी करत होत्या; हातात चिंचोळ्या कात्र्या, पायाशी हिरव्या मण्यांचा सडा. रामहरीराव एका वेलीपाशी होते. त्यांच्या हातातही कात्री.

"आबा, पाव्हणी आली," एक म्हातारी ओरडली. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "कुंडीतली न्हवं."

बायका हसल्या. मी हसले नाही. रामहरीरावांनी माझा चेहरा पाहिला आणि टोपी सारखी केली.

"कळ्या का काढल्या?"

"आजारी वेलीवर घड ठेवत न्हाईत." त्यांनी समोरची वेल दाखवली. तिच्यावर एकही घड नव्हता. "ही बी तशीच. आवंदा फळ धरलं तर पुढच्या साली वेलच ऱ्हात न्हाय. तुमच्या झाडाला आत्ता कुठं मुळी फुटलीया. सात कळ्या उघडता उघडता ते पार गळून गेलं असतं."

"मला विचारायचं होतं."

"इचारलं असतं तर काढू दिल्या असत्या?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच विचारायचं होतं."

त्यांना ते लागलं, हे दिसलं मला. "चुकलं," ते म्हणाले. "बागेत कुणाला इचारायची सवय न्हाय ऱ्हायली. पर पुढच्या वर्सी बगा तुमी, वीस-पंचवीस—"

"पुढच्या वर्षी मी इथे नाही."

बायकांच्या कात्र्यांचा आवाज थांबला होता. की मलाच तसं वाटलं.

"कुठं?"

"मुलीकडे. कुन्नूरला. संक्रांत झाली की. कायमची."

त्यांनी कात्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग वेलीकडे बघत म्हणाले, "पाच म्हयनं येतोय मी. सांगायचं हुतं की."

"सांगितलं असतं तर आला असतात?"

"आलो असतो." ते थांबले. "जास्ती आलो असतो. नुसता गुरवारचा न्हाय."

जिने आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, त्या बाईला स्वतःचं एक वाक्य सापडेना. शेवटी त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि म्हणाले, "हे कसं करतात ते तरी दाखवा."

त्यांनी दाखवलं. घड डाव्या हातात अलगद धरायचा, आतले मणी काढायचे, बाहेरचे ठेवायचे. मी दोन घड बिघडवले. म्हातारी म्हणाली, "आबा, ह्या दोन घडांचं पैसं बाईंकडनं घ्या आता." या वेळी मी हसले, आणि पाहिलं तर रामहरीराव माझ्याकडे असे बघत होते, जसं कुणी फार वर्षांनी ओळखीचं काहीतरी ऐकतं.

दुपारी त्यांनी मला मोटारसायकलवरून एसटीच्या थांब्यावर सोडलं. मी मागे एका बाजूला बसले होते, धरायला काही नव्हतं, म्हणून त्यांच्या खांद्याला धरलं. थांब्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. समोर उसाला तुरे आले होते. गाडीला वेळ होता. मी पर्समधून मोबाईल काढला आणि आसावरीला फोन लावला.

"माझं तिकीट काढू नकोस," मी म्हणाले.

"का? गुडघा?"

"गुडघा आहे तसाच आहे. मी या संक्रांतीला येत नाही, त्याच्या पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबतेय. तेव्हा फुलं येतील. त्याच्यापुढचं तेव्हा बघू."

"आई, इथे कुंपणभर कॅमेलिया आहे. एका फुलासाठी तू वर्षभर एकटी—"

"फुलासाठी नाही गं. आणि एकटी नाही."

रामहरीराव उसाच्या तुऱ्यांकडे इतकं लक्ष देऊन बघत होते, जणू उसाला तुरे पहिल्यांदाच आले होते.

"आई," आसावरी म्हणाली, "तुझं वय काय?"

"एकोणसत्तर. तुला माहीत आहे."

"...आणि त्यांचं?"

मी फोनवर हात ठेवला. "रामहरीराव, वय काय हो तुमचं?"

"बहात्तर. का?"

"मुलगी विचारतेय."

त्यांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, परत घातली. "सांगा त्यास्नी, बीपीची गोळी सोडली तर बाकी काय न्हाय. आन बाग ल्योक बगतो. मी मोकळा असतो."

आसावरीने ते ऐकलं असावं. ती हसली — थोडं रडल्यासारखं, पण हसलीच. "नाताळात येते मी," ती म्हणाली. "बघायला." झाड की माणूस, ते तिने सांगितलं नाही.

वळणावर गाडी दिसली. मी उठले. रामहरीराव पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "उद्या सोमवार हाय."

"माहीत आहे."

"मग... येऊ?"

"विचारलंत ना," मी पायरीवर पाय ठेवत म्हणाले, "या. न्याहारी करून येऊ नका."